साहेबांची उमेदवारी

अतिवृष्टीच्या वर्षी नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयात गेले, की तहसीलदाराच्या सहीचे मोल कळते. तलाठ्याचे पंचनामे वर जातात, अनुदानाच्या याद्या लागतात आणि यादीत नाव न आलेला शेतकरी सातबारा व आधारची झेरॉक्स घेऊन साहेबांच्या दाराशी ताटकळतो. निराधारांच्या अनुदानाचा प्रश्न, शेतरस्त्याचे भांडणही त्याच दाराआड मिटते किंवा चिघळते. एवढा अधिकार वापरलेला अधिकारी नोकरी सोडून त्याच तालुक्यात मते मागू लागला, तर कायदा त्याला अडवत नाही. ही पळवाट विधिमंडळाने आणि संसदेने बुजवली पाहिजे.

नोकरीत असेपर्यंत नियम कडक आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचे सदस्य होता येत नाही, प्रचारही करता येत नाही. राज्यघटनेचे कलम 191 लाभाचे पद धारण करणाऱ्याला विधानसभेसाठी अपात्र ठरवते. मात्र अर्जांच्या छाननीच्या दिवशी उमेदवार सेवेत नसला की हे बंधन गळून पडते. स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीसही सरकार कमी करू शकते. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांना सप्टेंबर 2020 मध्ये ही मुदत माफ झाली आणि काही दिवसांतच ते सत्ताधारी पक्षात गेले. मध्य प्रदेशात 2023 मध्ये उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांना मात्र राजीनामा मंजूर करून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. तो मंजूर होईपर्यंत काँग्रेसने आमला मतदारसंघातून दुसरा उमेदवार जाहीर केला होता. कोणत्या अधिकाऱ्याने निवडणूक लढवायची हे सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर ठरणे, हा त्या पळवाटेइतकाच गंभीर दोष आहे.

निवडणूक आयोग स्वतः काय मानतो, तेही पाहावे. चार वर्षांत तीन वर्षे एकाच जिल्ह्यात काढलेल्या, निवडणूक कामाशी संबंधित अधिकाऱ्याची तो निवडणुकीआधी बदली करायला लावतो. तेवढ्या काळात हितसंबंध तयार होतात, हे गृहीत धरूनच ना? मग ज्याला तिथे निवडणूक घेता येत नाही, त्याने तिथेच ती लढवावी, हे कोणत्या तर्कात बसते? मराठवाड्यात हा प्रश्न अधिक बोचतो. 2022 मध्ये मुदत संपल्यावर नांदेड, लातूरच्या जिल्हा परिषदा व महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. निधी कुठे द्यायचा, रस्ता कोणत्या गावाचा आधी करायचा, हे निर्णय लोकनियुक्त सभागृहाविना झाले. नियमांतली विसंगतीही पाहा. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी कंपनीत जायला परवानगी लागते. विधानसभेत जायला काहीच लागत नाही.

निवडणूक लढवण्याचा हक्क हिरावला जाईल, असा आक्षेप येईल. पण सर्वोच्च न्यायालयाने ज्योती बसू खटल्यात 1982 मध्येच हा हक्क मूलभूत नसून कायद्याने दिलेला असल्याचे म्हटले आहे. नोकरी सोडणे आणि निवडणूक लढवणे यांमध्ये सक्तीच्या विश्रांतीकाळाची मागणी करणारी याचिका एप्रिल 2022 मध्ये फेटाळतानाही न्यायालयाने विषय कायदेमंडळाकडे सोपवला. अनुभवी माणसे राजकारणाला मुकतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोहा मतदारसंघाने 2019 मध्ये श्यामसुंदर शिंदे या निवृत्त सनदी अधिकाऱ्याला निवडून दिले, त्यात गैर काही नव्हते. म्हणूनच सरसकट बंदी नको. शेवटच्या तीन वर्षांत जिथे अधिकार गाजवला, त्या जिल्ह्यापुरती दोन वर्षांची मनाई पुरे. इतरत्र खुशाल लढावे. ब्रिटनने 1989 च्या कायद्याने स्थानिक संस्थांतली ठरावीक पदेच राजकारणापासून दूर ठेवली. आपल्याकडेही शिक्षक, लिपिक, आरोग्यसेविका यांना या मनाईतून वगळावे. त्यांच्या हाती ना निधी, ना आदेश. उलट उमेदवारीसाठी त्यांना घर चालवणारी नोकरी सोडावी लागते. शिवाय राजीनाम्यावर 30 दिवसांत निर्णय झाला नाही आणि चौकशी प्रलंबित नसली, तर तो आपोआप मंजूर धरावा. मंत्री आणि आमदारही सत्तेचा वापर मतांसाठी करतातच, असे कोणी म्हणेल. परंतु त्यांना प्रश्न विचारायला विरोधी पक्ष समोर असतो, पंचनाम्याच्या यादीवर सही करणाऱ्या साहेबांसमोर मात्र फक्त तो शेतकरी असतो.