अर्धा हिशोब

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला. ज्याचं रान त्याचं पाणी, हे पोरवयातच कळलं. आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या उसाला रात-रात दारं धरली. स्वतःच्या नावावर पाळी कधी लागली नाही.

आता शहरांच्या सांडपाण्यालाही भाव आलाय. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध झालेलं गटाराचं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला विकलं जातं. रोज 13 कोटी लिटर. तेवढं धरणाचं पाणी पिण्याला वाचतं. चांगलंच आहे.

केंद्र, पंप, नळ यांचा खर्च पाण्याच्या दरातून वसूल करायचा, असं साहेब लोक म्हणतात. करा की! वीजकेंद्रानं, कारखान्यानं पैसे मोजलेच पाहिजेत. नाहीतर तो खर्च झोपडपट्टीच्या पाणीपट्टीवर येऊन बसेल.

पण साहेब, हिशोब अर्धाच मांडलाय. लोखंड धरलं, सिमेंट धरलं, कर्जाचं व्याज धरलं. गटार साफ करणारा माणूस कुठं धरला? माणसाला जिवावर उदार करून गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं मरतात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं मेलेल्याच्या घरच्यांना किमान 30 लाख द्या म्हटलं. मेल्यावरचा भाव ठरला. जित्याचा कधी ठरणार?

दोस्तहो, 1927 साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला आपण हात लावला तो हक्कानं. त्याच हक्कानं आज दरपत्रक मागा. त्यात पहिली ओळ सफाई कामगाराची पाहिजे : यंत्र, कायम नोकरी, पुरा पगार. ती ओळ लिहीपर्यंत तुमचा खर्च वसूल झाला, असं आम्ही मानणार नाही.