विश्वासाचीही आयात

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतीय बाजारपेठेत एका नव्या वस्तूने चांगलेच मूळ धरले आहे. परदेशातून येणारी, दुधाच्या निवळीपासून काढलेल्या प्रथिनांची भुकटी ही ती वस्तू होय. 'व्हे प्रोटीन' या नावाने ती ओळखली जाते. एके काळी महानगरांतील मोजक्या व्यायामशाळांपुरती मर्यादित असलेली ही भुकटी आज तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानातही दिसते, आणि पोलीस भरतीची तयारी करणारा तुटपुंज्या मिळकतीचा तरुणही पोटाला चिमटा घेऊन ती विकत घेतो. तिची चर्चा बहुधा आरोग्याच्या अंगाने होते. परंतु या बाजाराचे खरे स्वरूप समजून घ्यायचे, तर त्यात नेमके विकले काय जाते, हा अर्थशास्त्रीय प्रश्न आधी विचारला पाहिजे.

मुळात ही वस्तू पाश्चात्त्य चीज-उद्योगाचा उपपदार्थ आहे. एक किलो चीज तयार करण्यासाठी सुमारे दहा लिटर दूध लागते आणि त्यातून जवळजवळ नऊ लिटर निवळी उरते. अमेरिकेत व युरोपात ही निवळी पूर्वी डुकरांना पाजली जाई, शेतात सोडली जाई किंवा नदीनाल्यांत ओतली जाई. प्रदूषणाविरुद्धचे कायदे कडक झाले आणि १९७०च्या दशकात सूक्ष्म पडद्यांतून गाळण्याचे तंत्र हाती आले, तेव्हा या टाकाऊ पाण्यातील प्रथिने वेगळी काढणे परवडू लागले. ती खपविण्यासाठी बाजारपेठ शोधणे मग ओघानेच आले. यात गैर काही नाही. ही प्रथिने उत्तम प्रतीची व पचनास सुलभ असतात, हेही मान्य केले पाहिजे.

प्रश्न किमतीपासून सुरू होतो. सुमारे सव्वादोन किलोच्या नामांकित परदेशी डब्याला सात हजार रुपयांच्या आसपास पडतात, असे धरले आणि त्यातील ऐंशी टक्के प्रथिने मानली, तरी एका ग्रॅमचा खर्च चार रुपयांच्या घरात जातो. तेच ग्रॅम अंड्यातून सव्वा रुपयाच्या आत, तर हरभऱ्यातून किंवा तुरीच्या डाळीतून एका रुपयाहूनही कमी खर्चात मिळते. डाळीतील प्रथिने काहीशी उणी असतात खरी. परंतु भात किंवा भाकरीची जोड मिळताच ही उणीव बव्हंशी भरून निघते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाकाठी पन्नास ग्रॅम. अंगमेहनतीच्या व्यायामाने ही गरज वाढते, पण ती भागविण्यास परदेशी डबाच हवा असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर स्नायू कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असाच सल्ला दिला आहे.

असे असता ग्राहक चौपट किंमत का मोजतो? केवळ जाहिरातीला भुलून, हे उत्तर अपुरे आहे. डाळ डोळ्यांनी पारखता येते, अंडे फोडून पाहता येते. भुकटीतील प्रथिने मात्र विकत घेण्यापूर्वी कळत नाहीत आणि खाल्ल्यानंतरही कळत नाहीत. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी १९७०च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की, मालाची प्रत विक्रेत्याला ठाऊक व ग्राहकाला अज्ञात असेल, तर हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. येथे तर प्रयोगशाळेलाही चकविता येते. रूढ चाचणीत प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून त्यांचा हिशेब मांडला जातो. म्हणून ग्लायसीनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की कागदावर प्रथिने वाढतात. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन मिसळण्यामागे हेच गणित होते आणि त्याची किंमत सुमारे तीन लाख बालकांनी आजारी पडून मोजली.

ही भीती भारतापुरती काल्पनिक नाही. केरळमधील एका यकृततज्ज्ञाच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनांचे प्रमाण लेबलाशी जुळले नाही. पाच नमुन्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनही आढळले. अशा बाजारात 'आयात केलेले' ही अक्षरे हाच ग्राहकाला गुणवत्तेचा एकमेव पुरावा वाटतो. तो जादा पैसे मोजतो ते प्रथिनांसाठी नव्हेत. परदेशात कोणीतरी हा डबा तपासला असेल, या विश्वासासाठी.

हा विश्वास तरी कितपत सार्थ आहे? अमेरिकेत १९९४च्या कायद्यानुसार पूरक आहार बाजारात आणण्यापूर्वी सरकारची मान्यता घ्यावी लागत नाही. शिवाय, न्हावा-शेवा बंदरात उतरलेला डबा आणि दुकानातील फळीवर ठेवलेला डबा एकच असेल, याची हमी कोण देणार? हुबेहूब डबे व लेबले वापरून त्यांत भलतीच भुकटी भरणारे अड्डे पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणले आहेत. म्हणजे ज्या विश्वासापोटी पैसा मोजला, त्याचीच नक्कल स्वस्तात होते.

कायदा नाही, असे नव्हे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६चा आहे, पूरक आहाराविषयीचे नियम २०१६चे आहेत, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उणीव अंमलबजावणीची आहे. आयातबंदीने ती भरून निघणार नाही. बंदीमुळे चोरटा व्यापार आणि बनावट डबे यांचेच फावेल. सरकारने दुकानांतून व ऑनलाइन विक्रेत्यांकडून नियमितपणे नमुने घ्यावेत, केवळ नायट्रोजन न मोजता अमिनो आम्लांची चाचणी करावी आणि निष्कर्ष उत्पादनांच्या नावांनिशी दर तिमाहीस प्रसिद्ध करावेत. विश्वास ही सार्वजनिक सेवा आहे. ती शासनाने पुरविली नाही, तर ग्राहक ती महागड्या लेबलातून विकत घेतो. तपासणी चोख झाली, तर देशी उत्पादकालाही न्याय मिळेल. अमूलसारख्या सहकारी संस्थेने स्वतःची व्हे भुकटी बाजारात आणलीच आहे. परंतु जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणाऱ्या या देशात पनीर व चक्का करणाऱ्या असंख्य लहान उद्योगांची निवळी आजही गटारातच जाते.

याहून मोठा प्रश्न डब्याच्या बाहेरचा आहे. देशात दरडोई दररोज उपलब्ध असलेल्या डाळी १९५१ साली सुमारे ६१ ग्रॅम होत्या. २००१ मध्ये त्या ३० ग्रॅमवर आल्या. त्यानंतर परिस्थिती काहीशी सावरली, तरी ती जुनी पातळी पुन्हा गाठता आलेली नाही. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा धान्याचा हक्क देतो, डाळीचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. प्रथिनांची खरी निकड या घरांत आहे, आणि तेथे कोणताही परदेशी डबा पोहोचणार नाही. व्यायामशाळेतील तरुणाला खरे लेबल आणि शिधापत्रिकेवरील कुटुंबाला डाळ, या दोन्ही गोष्टी पुरविणे हे शासनाचेच काम आहे. ते टाळले, तर बाजार आपल्या रीतीने उत्तर देतोच. ते उत्तर महाग असते, आणि ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्यासाठी तर ते नसतेच.