रुबेलानं कुणाचं मूल बिघडवलं?

नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला लसीकरण मोहीम आमच्या उर्दू शाळेत आली, तेव्हा पालकांची समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. ‘या सुईनं पुढे मुलंच होणार नाहीत’ ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा घरोघरी पोहोचली होती. तिला मी तोंड दिलं. पण एका आईनं साधा प्रश्न विचारला, “आपा, गोवर तो मालूम है. ये रुबेला से किसका बच्चा बिगड्या?” मी गप्प झाले.

माझ्या मामेबहिणीची मुलगी डोळ्यांपुढे आली. जन्मापासून मोतीबिंदू, हृदयात दोष. ऐकू येत नाही हे कळलं दोन वर्षांनी. तीन दवाखाने, तीन कागद, तिन्हींवर एकच शब्द : ‘जन्मजात’. गरोदरपणी अंगावर पुरळ आलं होतं का, हे आईला कुणी विचारलं नाही. सासरच्यांनी मात्र ‘ग्रहणात कात्री धरली असशील’ म्हणून तिलाच गुन्हेगार ठरवलं.

कारण रुबेलाच होतं का? आता कुणी सांगू शकत नाही. बाळाच्या रक्तातला पुरावा साधारण पहिल्या वर्षातच हाती लागतो. ती वेळ गेली.

1941 साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी काय केलं? मोतीबिंदू घेऊन येणारी तान्ही बाळं एकाएकी वाढली, म्हणून त्यांच्या आयांची चौकशी केली. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. बाळं मोजली, आयांना विचारलं, म्हणून जगाला कारण कळलं.

आपल्याकडे अशा बाळांची पद्धतशीर नोंद 2016 पासून सुरू झाली, तीही मोजक्या मोठ्या रुग्णालयांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष तिन्ही आहेत, पण सुटेसुटे. सरकार किती सुया टोचल्या ते अभिमानानं सांगतं. किती बाळं वाचली नाहीत, ते कोण सांगणार?

‘लस दिली की झालं, मोजायचं कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी ग्रीस आठवावा. तिथे लस थोड्याच मुलांना मिळत राहिली. लहानपणी होणारा रुबेला पुढे ढकलला गेला आणि 1993 च्या साथीत तरुण स्त्रियांना झाला. पाठोपाठ व्यंग असलेली बाळं जन्मली. अर्धवट लसीकरण असं उलटतं, आणि ते उलटलं हे मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून लस नाकारणाऱ्या माझ्या मोहल्ल्यालाही सांगते : तुमचा नकार तुमच्या घरापुरता राहत नाही, तो शेजारच्या गरोदर सुनेपर्यंत जातो. तकदीर म्हणून हात झटकू नका.

आणि सरकारकडे मागणी एकच. वर्षाच्या आतल्या बाळात यातला एक जरी दोष दिसला, तरी रुबेलाची रक्तचाचणी झालीच पाहिजे, मोफत, आणि तिची नोंद एका जागी राहिली पाहिजे. निदान त्या आईवरचा ग्रहणाचा आळ तरी पुसला जाईल. आणि मलाही शाळेत उत्तर देता येईल.