अंथरूण-पांघरुणाचा खण

स्मरणिकेतील लेख म्हटला की शिक्षण, समाज, चळवळ अशा मोठ्या विषयांची अपेक्षा असते. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. मी मात्र एका लहान विषयावर मत मांडणार आहे. घरातील कपाटाच्या ज्या खणात चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, पंचे आणि गोधड्या ठेवल्या जातात, तो खण कसा असावा, हा तो विषय. वसतिगृहाचा गृहपाल म्हणून अंथरूण-पांघरुणाचा हिशेब ठेवणे हे अनेक वर्षे माझे रोजचे काम होते. त्या कामातून बनलेले माझे मत असे, की हा खण गरजेपुरताच भरलेला असावा, त्यातील चांगली वस्तू रोजच्या वापरात असावी, आणि त्यातून दुसऱ्याला दिले जाणारे कापड देताना आपली मान खाली जाऊ नये. आज पुष्कळ घरांत या तिन्ही गोष्टी नेमक्या उलट झालेल्या दिसतात.

आपली घरे लहान आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. मुंबईच्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका सुरुवातीला २२५ चौरस फुटांची होती, पुढे ती २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांची झाली. एवढ्या जागेत चार-पाच माणसे राहतात, मुले अभ्यास करतात, पाहुणाही येतो. अशा घरात अंथरूण-पांघरुणासाठी लोखंडी कपाटाचा एक खण आणि दिवाणाखालची पेटी याहून अधिक जागा मिळत नाही. त्या जागेत न वापरलेले कापड कोंबले, की वापरायचे कापड खुर्चीवर, दाराच्या खिळ्यावर आणि शेवटी मुलाच्या अभ्यासाच्या जागेवर येऊन पडते.

मग आपण कापड साठवतो का? याचे कारण हौसेपेक्षा आठवणीत आहे, असे मला वाटते. आपल्या मागच्या पिढ्यांनी एका वाकळेखाली तीन-तीन भावंडे निजवली. वसतिगृहात येणारा मुलगा पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन येई; वळकटीत एक सतरंजी आणि एक चादर, एवढाच त्याचा संसार असे. ज्यांनी पांघरुणाची ओढाताण अनुभवली, त्यांच्या हाती चार पैसे आल्यावर त्यांनी चादरी घेऊन ठेवल्या, त्यात नवल नाही. त्यांना कोणी हसू नये. परंतु पुढे त्यात सत्कारांच्या शालींची, आहेरातल्या टॉवेलांची, सवलतीत मिळाल्या म्हणून घेतलेल्या जोड्यांची भर पडत गेली. आता प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच न निघालेली नवी चादर कपाटात असते आणि त्याच घरातील आजारी आजी विरलेल्या चादरीवर निजलेली असते. नवी चादर कोणासाठी ठेवली आहे, असे विचारले तर ‘पाहुण्यांसाठी’ असे उत्तर मिळते. पाहुण्याचा मान ठेवावाच. पण घरातील माणसाचा मान त्याहून कमी का असावा? गरिबीने आपल्याला जपून वापरायला शिकवले, हे खरेच. मात्र चांगली वस्तू आपल्यासाठी नसतेच, ही समजूतही तिनेच आपल्या मनात रुजवली आहे, आणि ती काढून टाकणे आता आपल्या हाती आहे.

म्हणून पहिले काम मोजणीचे. वसतिगृहात आम्ही खाटांच्या संख्येवरून चादरी मोजत असू. घरातही तेच करावे. प्रत्येक अंथरुणामागे चादर-अभ्र्यांचे दोन संच पुरेत, एक अंथरलेला आणि एक धुऊन ठेवलेला. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून तिसरा संच ठेवण्यास हरकत नाही. प्रत्येक माणसामागे दोन टॉवेल किंवा पंचे. पाहुण्यांसाठी दोन संच. आजारपणासाठी मऊ पडलेल्या दोन सुती चादरी आणि एक मेणकापड वेगळे बांधून ठेवावे. रात्री-अपरात्री मुलाला उलटी झाली, तर शोधाशोध होऊ नये. पांघरुणे माणशी एक आणि वर एक-दोन. चार माणसांच्या घराला एवढे पुरते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण खर्चाबाबत वापरतो. चादर विकत घेताना मात्र खण पाहायला विसरतो.

दुसरे काम रचनेचे. एका संचातील चादर आणि एक अभ्रा घडी करून दुसऱ्या अभ्र्यात घालावा. म्हणजे एक अंथरूण म्हणजे एक गठ्ठा, आणि जोडी फुटत नाही. घडीची बंद कड दाराकडे ठेवावी. त्यामुळे गठ्ठे एका दृष्टीत मोजता येतात आणि एक ओढला तरी बाकीचे विस्कटत नाहीत. धुऊन आलेला संच तळाशी जावा, वापरायचा वरून घ्यावा; असे केले की सर्व चादरी सारख्या झिजतात आणि एकच चादर फाटेपर्यंत राबत नाही. रोज लागणारे टॉवेल कमरेच्या उंचीवर, पाहुण्यांचे संच त्याच्यावर, जड गोधड्या आणि ब्लँकेट दिवाणाखालच्या पेटीत. वसतिगृहात आम्ही प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने क्रमांक शिवत असू. घरात क्रमांकाची गरज नाही. मोठ्या अंथरुणाच्या चादरीला लाल आणि लहान अंथरुणाच्या चादरीला निळा टाका घातला, तर सहा वर्षांचे मूलही योग्य चादर काढून आणते.

तिसरे काम जपणुकीचे. सुती कापड हवेतील ओल सतत शोषून घेत असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही त्याच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी असते. कोकणातील किंवा मुंबईतील श्रावणात ते आणखी वाढते. म्हणून हाताला कोरडी लागलेली चादर लगेच घडी करून बंद कपाटात ठेवली, तर काही दिवसांत तिला कुबट वास येतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. घडी घालण्यापूर्वी ती पंख्याखाली तासभर पसरावी, कपाट ओलीच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि उघडीप मिळाली की दारे उघडी ठेवावीत. खळ दिलेले कापड साठवून ठेवू नये, कारण रुपेरी रंगाची, झरझर पळणारी कसर त्या खळीवरच जगते. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमाराच्या कडक उन्हात गोधड्या दोन्ही अंगांनी तापवून घ्याव्यात, ही आपल्या आयाबायांची जुनी रीत आजही सर्वांत उपयोगी आहे.

डांबरगोळ्यांविषयी विशेष सांगावयाचे आहे. त्यांत नॅफ्थॅलीन असते. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या देशातील अनेक समाजांत आढळते आणि ती आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकही नसते. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीही ठेवू नये. वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वर्षातून दोनदा ऊन एवढ्यावर घर चालते.

आता हे सारे करायचे कोणी, हा प्रश्न येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २९९ मिनिटांचा, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा आहे. शिवाय अशी कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्क्यांच्या वर आणि पुरुषांत जेमतेम २६ टक्के आहे. निवासी शाळेत प्रत्येक मुलगा स्वतःचे अंथरूण स्वतः घालतो, स्वतः काढतो आणि घडी करतो. तोच मुलगा सुटीत घरी गेला की त्याचे अंथरूण आई किंवा बहीण काढते. शाळेने दहा महिन्यांत लावलेली सवय घर दोन महिन्यांत मोडते. पालकहो, ती मोडू नका, अशी माझी विनंती आहे. ज्या कपाटाची रचना फक्त आईलाच ठाऊक असते, ते कपाट कितीही नीटनेटके असले तरी त्याची व्यवस्था लागलेली नाही, असे मी म्हणेन. समतेची भाषा आपण सभागृहात बोलतो. सकाळी सहा वाजता तिची परीक्षा घरात होत असते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खण आवरला की काही कापड बाहेर निघते. ते कोठे जाते? पुष्कळदा ते गाठोडे बांधून एखाद्या वसतिगृहाकडे पाठवले जाते. माझ्या नोकरीच्या काळात अशी गाठोडी मी अनेक वेळा सोडली आहेत. त्यांत चांगल्या वस्तू असत, तशा मध्यभागी विरलेल्या चादरी, डाग पडलेले अभ्रे आणि एकच बाजू शिल्लक असलेले टॉवेलही असत. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या मुलाला ती चादर द्यायची, त्याच्या डोळ्यांकडे पाहून देणे मला जमले नाही.

आपण हे कापड कोणत्या इतिहासातून आलो आहोत, ते विसरता कामा नये. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एका समूहासाठी प्रेतावरील वस्त्रे आणि शूद्रांसाठी जीर्ण वस्त्रे नेमून दिलेली आहेत. गावगाड्यात प्रेतावरच्या कापडाला आपल्या लोकांचा ‘हक्क’ म्हटले जाई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, त्यात ही व्यवस्थाही जळाली. ज्यांच्या पूर्वजांनी उतरलेले कापड नाकारून माणूसपण मिळवले, त्यांनी आपले उतरलेले कापड दुसऱ्या गरीब मुलाच्या अंगावर घालावे, हे शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा जुने बरे. आणि धडधाकट कापड टाकून देणे हीसुद्धा उधळपट्टीच. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर विनयपिटकात मिळते. चुल्लवग्गातील कथेनुसार कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे झिजली आहेत त्या भिक्खूंना ती वाटून देईन, असे आनंदाने सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजा विचारत गेला आणि आनंद उत्तर देत गेला. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतात, त्यांची पुढे गाद्यांची खोळ होते, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके. आणि अखेरीस त्या चिंध्या मातीत कुटून जमीन लिंपली जाते. या कथेतील क्रम लक्षात घ्यावा. नवे ते गरजूला दिले गेले आणि जुने स्वतःच्या निवासात शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले गेले. आपण नवे स्वतः कुलूपबंद ठेवतो आणि जुने गरजूकडे पाठवतो.

आनंदाचा क्रम घरात आणणे अवघड नाही. मध्ये विरलेली चादर उभी फाडून कडा मध्यभागी जोडल्या, तर ती आणखी वर्षभर टिकते. पुढे तिचे अभ्रे, गोधडीचे अस्तर, पायपुसणे आणि पोतेरे होते. ही सारी रूपे आपल्याच घरात पूर्ण व्हावीत. आणि पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेल्या, पिशवीतून न निघालेल्या ज्या दोन-तीन चादरी असतील, त्या वसतिगृहाकडे जाव्यात.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना माझे एवढेच सांगणे आहे. येत्या जूनमध्ये नवी मुले शाळेत दाखल होतील. काहींच्या वळकटीत पुरेसे अंथरूण असेल, काहींच्या नसेल. त्यापूर्वी एका रविवारी घरातील सर्वांनी मिळून हा खण रिकामा करावा, मोजावा आणि पुन्हा लावावा. ज्या चादरीवर आपल्या स्वतःच्या मुलाला निजवण्यास आपण तयार आहोत, तीच धुऊन, घडी करून, अभ्र्यासह कार्यालयात आणून द्यावी.