न्याय मिळाला, आधाराचे काय?

नरसंहार थांबला की जगाचे लक्ष गुन्हेगारांकडे वळते. मागे उरलेल्यांच्या उदरनिर्वाहाची, उपचारांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुधा दुय्यमच ठरतो. रवांडाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

१९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या सुमारे १०० दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी खास न्यायाधिकरण स्थापन केले. टांझानियातील अरुशा येथील या न्यायाधिकरणाने १९९८ मध्ये माजी नगराध्यक्ष ज्याँ-पॉल अकायेसू याला दोषी ठरविताना, बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते, असा ऐतिहासिक निर्वाळा दिला. साक्षीसाठी पुढे आलेल्या स्त्रियांना नुकसानभरपाई देण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. अत्याचारांतून एचआयव्हीची लागण झालेल्या अनेकींना औषधे दुर्मीळ होती. अरुशाच्या कोठडीतील आरोपींना मात्र ती मिळत होती. न्यायव्यवस्थेच्या रचनेतील ही विसंगती होय.

देशांतर्गत चित्र संमिश्र होते. सरकारने १९९८ मध्ये पीडितांसाठी निधी उभारला. त्यातून शिक्षण, घरे व उपचार यांसाठी मदत झाली. ‘गचाचा’ या गावपातळीवरील लोकन्यायालयांनी २०१२ पर्यंत सुमारे १९ लाख प्रकरणे हातावेगळी केली. लुटलेल्या मालमत्तेची भरपाई करण्याचे आदेशही त्यांनी दिले. पण दोषी स्वतःच कंगाल असल्याने अनेक आदेश कागदावरच राहिले. गेलेल्या जिवांची भरपाई तर त्यांच्या कक्षेतच नव्हती.

ही पोकळी भरून काढण्यासाठी प्रथम पुढे सरसावल्या त्या विधवाच. १९९५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या ‘अवेगा’ या संघटनेने समुपदेशन, वैद्यकीय उपचार, निवारा आणि रोजगार यांची सांगड घातली. घर मिळाले, पण मन सावरले नाही, तर माणूस उभा राहत नाही. आणि धीर मिळाला, पण चूल पेटली नाही, तर तो धीरही टिकत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही यातून काही बोध घेतला. २००२ पासून अस्तित्वात असलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला भरपाईचे आदेश देता येतात. पीडितांसाठी विश्वस्त निधीही आहे. तथापि, हा निधी मुख्यतः ऐच्छिक देणग्यांवर चालतो. खटल्यांसाठी हमखास तरतूद आणि पीडितांसाठी मात्र दात्यांची मर्जी, ही विषमता जोवर दूर होत नाही, तोवर न्याय अपुराच राहील.