एंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा

पुण्याहून एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या पुतण्यानें जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार विकत घेऊन ती हौसेनें दुरुस्तीस दिली. दुरुस्ती म्हणजे नुसता रंग देणें नव्हे; हेड घासून दाब वाढविला, कॅमशाफ्ट बदलला, कार्ब्युरेटर मोठा बसविला. ‘आतां हिला सात हजार फेऱ्यांपर्यंत खुशाल ओढा,’ असें मिस्त्रीचें आश्वासन. घरांत दोन पक्ष पडले आहेत. मुलाचे वडील म्हणतात, मोटार विकून टाका. मुलगा म्हणतो, आप्पांना यंत्रांतलें काय कळतें! सुरक्षित मर्यादा ठरविण्याची कांहीं शास्त्रीय रीत आहे, कीं मिस्त्रीचा शब्द हेंच प्रमाण मानावयाचें, असा बाईंचा प्रश्न आहे.

रीत आहे, आणि शालेय गणित ज्यास येतें त्यास ती समजण्यासारखी आहे.

ह्या मोटारीचें आम्हां सोलापूरकरांशीं थोडें नातें आहे. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापणारे शेठ वालचंद हिराचंद हे १८८२ मध्यें सोलापुरांत जन्मले. फियाट कंपनीच्या इटालियन नमुन्यावरून ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होई, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईकरांनीं तिला २०२३ पर्यंत पाहिलें. तिच्या एंजिनास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. तें आपली पूर्ण शक्ति मिनिटास सुमारे ४८०० फेऱ्यांवर देतें.

एका फेऱ्यांत दट्ट्या एकदां वर व एकदां खालीं, म्हणजे १५० मिलिमीटर चालतो. ४८०० फेऱ्यांस त्याची सरासरी गति सेकंदास १२ मीटर होते. ७००० फेऱ्यांस साडेसतरा मीटर. हा आंकडा फेऱ्यांच्या संख्येहून अधिक बोलका आहे. २००९ ते २०१३ ह्या काळांत फॉर्म्युला वन शर्यतींतील एंजिनें १८,००० फेऱ्यांपर्यंत फिरत. तें ऐकून तरुणांस वाटतें कीं, मग आपले सात हजार ते काय! परंतु त्या एंजिनांत दट्ट्याची धाव अवघी सुमारे ४० मिलिमीटर होती. त्यामुळें गति सेकंदास २४ मीटरच्या घरांत राही. तेथील झडपांस पोलादी स्प्रिंगही नव्हती, दाबलेल्या वायूची होती; आणि अशा एंजिनाचें आयुष्य कांहीं थोड्या शर्यतींचें असे. घरच्या गाडीनें वीस वर्षें चालावें अशी आपली अपेक्षा असते.

आतां खरी मेख पाहूं. दट्ट्या प्रत्येक टोकास थांबतो व उलट फिरतो. ह्या उलटण्यास लागणारें बल त्रैराशिकानें वाढत नाहीं, वर्गानें वाढतें. दट्ट्या व त्याची गजन पिन मिळून अर्धा किलो वजन धरिलें, तर ४८०० फेऱ्यांस वरच्या टोकापाशीं कनेक्टिंग रॉडवर पडणारा ताण सुमारे सहाशे किलो वजनाइतका येतो. ७००० फेऱ्यांस फेरे दीडपटही झाले नाहींत, पण ताण दुपटीहून अधिक, म्हणजे पावणेतेराशे किलोच्या आसपास गेला! पेट्रोल जळतें त्या वेळीं वरून वायूचा दाब असतो व रॉड दाबला जातो. जळका वायु बाहेर टाकून दट्ट्या वर येतो तेव्हां मात्र त्यास वरून अडविणारें कांहीं नसतें. तेव्हां सर्व ओढ रॉडच्या खालच्या टोपीचे दोन बोल्ट सोसतात. अति फेऱ्यांनीं एंजिन फुटतें तें बहुधा ह्या ठिकाणीं, आणि सुटलेला रॉड एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. गाडी त्या वेळीं भरधाव असते, हें निराळें सांगावयास नको.

दुसरी मर्यादा झडपांची. ७००० फेऱ्यांस प्रत्येक झडप सेकंदांत अठ्ठावन्न वेळां उघडते व मिटते. मिटविण्याचें काम स्प्रिंगचें. तिला तितकी त्वरा झेपली नाहीं कीं झडप कॅमच्या मागें राहते, आणि वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळण्याचा संभव उत्पन्न होतो. कॅमशाफ्ट बदलला पण स्प्रिंग जुनीच ठेविली, असें घडलें असल्यास मिस्त्रीच्या आश्वासनास कांहींच आधार उरत नाहीं. शिवाय क्रँकशाफ्टची स्वतःची थरथर आहे, बेअरिंगांस पोंचणारें ऑइल आहे, फ्लायव्हीलची बळकटी आहे. ह्या प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र काढावी, आणि त्यांत जी सर्वांत खालची तीच एंजिनाची समजावी.

पण त्याही आधीं एक परीक्षा करून घ्यावी. गाडी डायनॅमोमीटरवर चढवून कोणत्या फेऱ्यांस शक्ति सर्वाधिक मिळते तें मोजावें. त्या शिखरापुढें शक्ति उतरूं लागते, म्हणून फार पुढें ओढण्यांत लाभ कांहींच नाहीं, केवळ आवाज आहे. समजा, शिखर साडेपांच हजारांवर निघालें. तर त्यापुढें तीन-चारशें फेरे पुष्कळ झाले. एवढें कळल्यावर सात हजारांचा वाद बहुतेक घरांत आपोआप मिटेल, असा माझा समज आहे.

‘अमक्याची गाडी सात हजारांवर चालली, तिला कांहीं झालें नाहीं,’ ही साक्ष नैयायिकांस मान्य होण्यासारखी नाहीं. एका उदाहरणावरून व्याप्ति सिद्ध होत नसते. धातूस थकवा येतो. आज पडलेली केसाएवढी चीर लाखों ओढींनंतर रॉड तोडते. कारखानदार कित्येक एंजिनें शेंकडों तास चालवून, कांहीं मुद्दाम मोडूनही, मर्यादा ठरवितात. घरीं एकच एंजिन असतें.

आमच्या होटगीजवळ फताटेवाडीस एन.टी.पी.सी.चे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांचीं टर्बाइनें मिनिटास ३००० फेरे घेतात. एवढा हिशेब करून बांधलेलें यंत्र, तरीही फेरे सुमारे दहा टक्के वाढले कीं वाफ आपोआप बंद व्हावी अशी योजना अशा टर्बाइनांवर केलेली असते. मोटारीसही ठिणगी तोडून फेरे रोखणारें साधन मिळतें. तें हिशेबाच्या मर्यादेखालीं निदान पांच टक्के लावावें. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरबदलांस आळा घालतें, तेव्हां आर.टी.ओ. कचेरींत चौकशी अगोदर करावी.

हें साधन एका प्रसंगीं मात्र निरुपयोगी ठरतें, आणि तो प्रसंग मुलास नीट समजावून सांगावा. तुळजापूरचा घाट वेगानें उतरतांना चौथ्या गिअरांतून तिसऱ्याऐवजीं चुकून दुसरा पडला, तर एंजिनास चाकें फिरवितात, पेट्रोल नव्हे. ठिणगी तोडून तेथें उपयोग नाहीं. असें एकदां जरी घडलें, तरी क्लच दाबून गाडी बाजूस घ्यावी, ओढून घरीं आणावी, आणि ऑइलचा चेंबर उतरवून रॉडचे सर्व बोल्ट नवे घातल्यावांचून ती पुन्हां चालवूं नये.