टपावरचा बाजार

शनिवारी सकाळी वडखळ नाक्यावर उभं राहावं आणि अलिबागकडे वळणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्या बघाव्यात. टपावर लोखंडी कॅरिअर, त्यावर दोन जेरीकॅन, पुढे दिव्यांची लांबलचक पट्टी, मागच्या दाराला कंबरेएवढा फार्म जॅक, बाजूने वर काढलेली स्नॉर्केलची नळी. थाट वाळवंट ओलांडण्याचा, मुक्काम नागावला. यांच्यातल्या एकाला विचारा, "टायरमध्ये हवा किती?" तो असा बघतो, जणू तुम्ही त्याचा पगार विचारलात.

सगळ्या ऑफरोडिंगची अथश्री हवेपासून होते आणि ही मंडळी थेट फलश्रुतीचे फोटो काढायला निघालेली असतात. वाळूत गाडी रुतते ती इंजिनात दम नाही म्हणून नव्हे, टायर टणक आहेत म्हणून. रस्त्यावरची तीसेक पीएसआय हवा पंधरा-अठरापर्यंत उतरवली की टायर बसतो, लांबतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक खणायचं थांबतं. यासाठी खिशात मावणारा गेज पुरतो. परतताना हवा भरायला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो, कारण मऊ टायर डांबरावर वेगात पळवला की तापतो आणि फुटतो. गेज नाही, कॉम्प्रेसर नाही, पण गाडीभर स्टिकर आहेत. का? गेज फोटोत दिसत नाही.

फार्म जॅक हे या पंथाचं ध्वजचिन्ह. तो लावायला पोलादी बंपर किंवा चेसिसला जोडलेले स्लायडर लागतात. कंपनीच्या प्लास्टिकच्या बंपरखाली हा महाशय टेकवणार कुठे? हातातून दांडा सुटून उलटा उसळला तर जबडा मोडतो. त्यापेक्षा गाडीबरोबर आलेला साधा जॅक घ्या आणि त्याच्याखाली ठेवायला फूटभर रुंद, जाड फळी घ्या. फळी नसेल तर चिखलात जॅक खाली जातो आणि गाडी होती तिथेच राहते. फळी सुताराकडे मिळते. तिच्यावर कुठलंही बोधचिन्ह नसतं, म्हणून ती कोणी घेत नाही.

स्नॉर्केल इंजिनाला हवा वरून पुरवते, बस्स. थारला कंपनीनं दिलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. नळी लावून ती वाढत नाही, कारण वायरिंग आणि दारांची रबरं आधी होती तिथेच असतात. त्यात नळीचा जोड एअर फिल्टरशी नीट सील केलेला नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. २०२३ पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. तिच्यावरसुद्धा नळी बसवलेली मी पाहिली आहे. काय बोलायचं! दिव्यांच्या पट्टीची वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडणारे वेगळेच. त्यांच्या गाडीत अग्निशामक नळकांडं हवंच आणि नेमकं त्यांच्याकडेच ते नसतं.

इथपर्यंत मूर्खपणा स्वखर्चाचा होता. दोराच्या बाबतीत तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. रुतलेली गाडी ओढायला हार्डवेअरच्या दुकानातला विहिरीचा दोर आणतात आणि तो अडकवतात बंपरला, नाहीतर ट्रेलरच्या टो बॉलला. टो बॉल ट्रेलर ओढण्यासाठी असतो. झटक्यानं तो तुटला की काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात अशी माणसं मेली आहेत. पोटापर्यंत चिखलात बसलेली दोन टनी गाडी निघायला कधी कधी तिच्या वजनाहून जास्त ओढ लागते. तेवढा ताण सोसणारा आणि क्षमता छापलेला दोर हवा, शिक्का असलेलं शॅकल हवं आणि चेसिसला जोडलेला हुक हवा. कायनेटिक दोर नायलॉनचा असतो, तो तीसेक टक्के ताणला जातो आणि त्या ताणात ऊर्जा साठवतो. म्हणून दोरावर जाड कांबळं टाकायचं आणि माणसांनी लांब, बाजूला उभं राहायचं. इथे मित्रमंडळ दोराच्या रेषेतच मोबाइल धरून उभं असतं. रील निघायला हवी ना!

भरतीचं ज्ञान तर शून्य. कोकणातला कोणीही म्हातारा सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आगेमागे, आणि त्या दिवसांत उधाणाचं पाणी अधिक वर चढतं. घरच्या भिंतीवर दिनदर्शिका लटकलेली असते, पण ती वाचायला ॲप लागत नाही म्हणून कोणी वाचत नाही. २०२४ मध्ये गुजरातच्या मुंद्रा किनाऱ्यावर दोन थार समुद्रात अडकल्या. त्याच वर्षी रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली आणि बैलगाडीनं ओढून काढावी लागली. त्या बैलांना टॉर्क कळत नव्हता, जमीन कळत होती.

वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत मात्र कितीही सरंजाम घेऊन जाऊ नका. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. तुमच्या चाकाखाली ती घरटी दबतात, आणि चाकोरीत पडलेलं बोटभर पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. तुमच्या हौसेसाठी हा किनारा नाही.

बाकी डोंगरात, ओढ्यात जरूर जा. दुसरी गाडी बरोबर घ्या. एकट्यानं गेलात तर सगळी सामग्री कमी पडते. फावडं टपावर न टांगता हाताशी ठेवा, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी घ्या, स्टेपनीतली हवा घरीच मोजा. आणि आज गाडीतला दोर बाहेर काढून त्यावरची क्षमता वाचा. काही छापलेलं नसेल तर तो गच्चीवर बांधा, कपडे वाळत घाला.